पाण्याची वेळ, उजेडाची वेळ

मी नवी मुंबईतल्या पावणे गावची. आमच्या गावाचं नाव पावणे आणि हिवाळ्यात आमच्या खाडीवर उतरतात तेही पाव्हणेच. रोहित, म्हणजे ज्यांना सगळे फ्लेमिंगो म्हणतात ते, शिवाय तुतवार, चिखल्या, कुरव, सुरय. कुणी कच्छहून येतं, कुणी हिमालयापलीकडून. आज बोलायचंय ते या पाव्हण्यांचे फोटो काढण्याबद्दल. आणि तेही हिवाळ्यातल्या त्या मळकट, धुरकट उजेडात, जेव्हा चांगला मोबाइलसुद्धा हात टेकतो.

तुम्ही म्हणाल, फोटो काढणं हे हौशी लोकांचं काम. आम्हा बचत गटाच्या बायकांना त्याचं काय? मलाही आधी तसंच वाटायचं. पण एक प्रसंग घडला आणि मत बदललं. आमच्या भागातल्या एका पाणथळ जागेवर भराव पडायला लागला होता. त्याबद्दल बैठक झाली. तिथे एक जण ठामपणे म्हणाला, "या डबक्यात पक्षी येतातच कुठे?" आम्ही चौघीजणी उठलो आणि आपापले मोबाइल पुढे केले. फोटो होते, चाळीस-पन्नास होते. पण त्यात दिसत काय होतं? करड्या कागदावर सांडलेले तांदळाचे दाणे. कुठला पक्षी, किती, कधीचा, काही कळेना. समोरचा माणूस हसला. खोटा तो होता, पण खोट्या पडलो आम्ही.

त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. फोटो म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराला नीट बोलता आलं पाहिजे. पुढचे दोन हिवाळे आम्ही तेच शिकलो. ते आज तुम्हाला सांगते.

आधी उजेडाचं बघू. हिवाळ्यात उजेड कमी का पडतो? रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते. वर मात्र ऊबदार हवेचा थर राहतो. तो चुलीवर झाकण ठेवावं तसा बसतो. मग गाड्यांचा धूर, कारखान्यांचा धूर, बांधकामाची धूळ, खाडीची वाफ सगळं त्या झाकणाखाली कोंडतं. वारा मंद असतो, त्यामुळे ते लवकर हटत नाही. आमच्या पावण्याला तर एका बाजूला औद्योगिक वसाहत आणि मध्ये ठाणे-बेलापूर रस्ता. पहाटे समोरची इमारत दिसत नाही असे दिवस असतात.

हे धुरकं फोटोचं दोन प्रकारे नुकसान करतं. एक तर ऊन गाळून घेतं, म्हणून उजेड कमी. दुसरं म्हणजे आपण आणि पक्षी यांच्यामध्ये पडद्यासारखं उभं राहतं. पक्षी जितका लांब, तितका पडदा जाड. म्हणून लांबचा पक्षी ओढून जवळ आणला तरी तो फिकाच येतो. हा पडदा कुठलंही बटण दाबून जात नाही. उपाय एकच, आपल्यात आणि पक्ष्यात अंतर कमी हवं. पण आपण पुढे गेलो तर पक्षी उडणार. मग करायचं काय? पक्ष्यालाच जवळ येऊ द्यायचं. ते कसं, ते पाणी ठरवतं.

माझी आत्या लहानपणापासून खाडीत उतरलेली. निवट्या, खेकडे, कालवं यांच्यावर तिचं घर चाललं. मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन निघाले तेव्हा ती म्हणाली, "पोरी, आदी पानी बघ, मंग पाय टाक." मला वाटलं, चिखलात रुतू नये म्हणून सांगते. पण फोटोचं अर्धं गणित तिच्या त्या एका वाक्यात होतं.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो. या चिखलातच पक्ष्यांचं ताट वाढलेलं असतं. किडे, शिंपले, शेवाळ. पाणी जसं मागे हटतं, तसे पक्षी त्याच्या कडेकडेने लांब आत जातात. त्या वेळी काठावरून फोटो काढाल तर पुन्हा तांदळाचे दाणेच. भरती सुरू झाली की उलट होतं. पाणी चिखल गिळत येतं आणि पक्षी काठाकडे सरकत येतात. पूर्ण भरतीच्या आधीचे दीड-दोन तास हे आपले. पाणी पूर्ण चढलं की बसायला जागाच उरत नाही. मग थवे उडतात आणि खाडीबाहेरच्या उथळ तळ्यांवर, पाणथळ जागांवर जाऊन विसावतात. मैत्रिणींनो, ज्यांना लोक डबकी म्हणतात, ती ही पक्ष्यांची भरतीच्या वेळची ओसरी. ती बुजली तर खाडी असूनही त्यांना टेकायला जागा नाही.

आता भरतीची वेळ कशी काढायची? कोकण किनाऱ्यावर जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. त्रयोदशीला पावणेदहा. दिवसातून दोनदा भरती येते, त्यामुळे साधारण साडेबारा तासांनी पुन्हा तशीच वेळ. हा ढोबळ अंदाज आहे. शिवाय समुद्राकडून खाडीच्या आतल्या टोकापर्यंत पाणी पोहोचायला थोडा उशीर लागतो. नक्की वेळ मोबाइलवर किंवा भरतीच्या तक्त्यात बघून घ्या. पण दिनदर्शिकेवर नजर टाकून महिन्याभराचा बेत करायला हा हिशोब फार सोयीचा. आणखी एक, अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाण्याची हालचाल कमी.

आता पाण्याच्या वेळेला उजेडाची वेळ जोडू. ठाण्याची खाडी साधारण उत्तर-दक्षिण पसरली आहे. आपण नवी मुंबईकडचे, म्हणजे पूर्व काठावरचे. सकाळी आपण खाडीकडे तोंड केलं की सूर्य पाठीशी असतो. उजेड आपल्या खांद्यावरून जाऊन थेट पक्ष्याच्या अंगावर पडतो. चोच, डोळा, पिसांचा रंग सगळं दिसतं. संध्याकाळी मात्र सूर्य पलीकडे मुंबईच्या अंगाला मावळतो. तो आपल्या डोळ्यांत आणि पक्षी आपल्यासमोर काळी सावली. शिवडी, भांडुपकडच्या लोकांचं नेमकं उलट, त्यांना दुपारनंतरचा उजेड चांगला.

जानेवारीत आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. पण पूर्वेला पारसिकचा डोंगर आहे, त्याच्या वर यायला त्याला आणखी वेळ लागतो. वर धुरकं. म्हणजे अंधारात उठून साडेसहाला काठावर बसण्यात पुण्य असेल, फोटो नाही. साडेआठ ते साडेदहा हा खरा वेळ. आता जुळवा. साडेआठ ते साडेदहा उजेड हवा आणि त्याच वेळात पाणी चढतं हवं. असे दिवस कुठले? त्रयोदशी, चतुर्दशी आणि पौर्णिमा किंवा अमावस्या. महिन्यातून सहा दिवस. आम्ही दिनदर्शिकेवर त्या दिवसांना लाल गोल करतो. बाकीच्या दिवशी घरची कामं. पहिल्या हिवाळ्यात आम्ही वाटेल तेव्हा जायचो, पाय दुखवून रिकाम्या हाताने यायचो. दुसऱ्या हिवाळ्यात निम्म्या खेपा केल्या आणि कामाचे फोटो कितीतरी जास्त मिळाले.

आता हातातल्या यंत्राबद्दल. कॅमेऱ्यात उजेड येतो तो खिडकीतून यावा तसा. खिडकी जितका वेळ उघडी, तितका उजेड जास्त. पण तेवढ्या वेळात पक्षी हलला किंवा आपला हात हलला, तर चित्र फरफटतं. उजेड कमी असला की कॅमेरा आपणहून खिडकी जास्त वेळ उघडी ठेवतो. म्हणून हिवाळ्यातले फोटो पुसट येतात. यावर तीन उपाय.

पहिला, स्थिर पक्षी निवडा. धुरकट सकाळी उडत्या थव्याच्या मागे लागू नका. एका पायावर विसावलेला रोहित, पाण्यात उभा शेकाट्या, खुंटावर बसलेला खंड्या यांच्यापासून सुरुवात करा. चरणारा पक्षीसुद्धा मधूनमधून थांबतो, मान वर करतो. दोन मिनिटं नुसतं बघा, त्याचा ताल कळतो. तो थांबला की बटण दाबा. एकदा नाही, पाच-सहा फोटो लागोपाठ. त्यातला एक तरी स्वच्छ येतो.

दुसरा, हाताला आधार द्या. जुन्या साडीची छोटी पिशवी शिवा, किलोभर तांदूळ भरा, तोंड शिवून टाका. ती बांधाच्या दगडावर किंवा कठड्यावर ठेवा आणि तिच्यात मोबाइल किंवा कॅमेरा रुतवा. बाजारातल्या महागड्या तिवईपेक्षा ही बरी, कारण ती घेऊन जमिनीलगत बसता येतं. खाली बसल्यावर पक्ष्याला आपली भीती कमी वाटते आणि फोटोही त्याच्या डोळ्याच्या पातळीवरून येतो.

तिसरा उपाय कॅमेरा असणाऱ्यांसाठी. उभ्या पक्ष्याला सेकंदाचा २५०वा भाग पुरतो, चरणाऱ्याला ५००वा, उडत्याला १०००वा किंवा त्याहून कमी वेळ लागतो. एवढ्या कमी वेळात उजेड पुरावा म्हणून आयएसओ नावाचा आकडा वाढवायचा, ८०० किंवा १६०० पर्यंत. त्याने चित्रावर रव्यासारखे दाणे येतात. येऊ द्या. रवाळ फोटोत पक्षी ओळखू येतो, फरफटलेल्या फोटोत येत नाही.

मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणू नका. ते खरं जवळ येत नाही, कापड ताणल्यावर वीण विरळ व्हावी तसं विरतं. साधा फोटो काढा, नंतर हवा तेवढा भाग कापून घ्या. गटाकडे दुर्बीण असेल तर तिच्या एका काचेला मोबाइलचं भिंग चिकटवून धरा. सुरुवातीला काळं वर्तुळ दिसतं, दहा-बारा वेळा केलं की जमतं. आणि निघण्याआधी भिंग मऊ सुती कापडाने पुसा. खाडीवर खारं दव बसतं आणि आपण धुरक्याला दोष देत राहतो.

आता एक फसवी गोष्ट. कॅमेऱ्याला पांढरं पांढरं आहे आणि काळं काळं आहे हे कळत नाही. तो सगळं मध्यम करडं करायला बघतो. काळ्या चिखलावर पांढरा बगळा असेल, तर चिखल उजळ करायच्या नादात बगळ्याचा पांढरा ठिपका करून टाकतो. पिसं दिसत नाहीत. उलट, पांढऱ्या धुक्यासमोर पक्षी असेल तर धुकं करडं करतो आणि पक्षी काळा. उपाय सोपा. मोबाइलच्या पडद्यावर पक्ष्याला बोटाने स्पर्श करा. बहुतेक मोबाइलमध्ये शेजारी छोटा सूर्य दिसतो. पांढरा पक्षी काळ्या चिखलावर असला तर तो सूर्य बोटाने खाली ओढा. धुक्यासमोरचा पक्षी असला तर वर. भाजीत मीठ चाखून घालतो तसं, थोडं बघायचं, थोडं सरकवायचं.

ढगाळ, धुरकट उजेडाचं एक भलंही सांगते. कडक उन्हात पांढऱ्या पिसांवर चकाकी येते आणि पोटाखाली काळी सावली पडते. मऊ उजेडात तसं होत नाही. पक्षी जवळ असेल तर अशा दिवशी रोहिताच्या गुलाबी रंगाच्या सगळ्या छटा दिसतात.

साक्षीच्या फोटोत काय दिसायला हवं? चोच, पाय आणि आजूबाजूची जागा. आपल्याकडे रोहिताच्या दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, अंगाने पांढरट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच काळपट लाल. चोच दिसली की वाद मिटला. पायात कडं किंवा रंगीत पट्टी असेल तर तिचा वेगळा फोटो घ्या. १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पक्ष्यांच्या पायात अशी कडी घालून त्यांचा प्रवास शोधते. कड्यावरचा आकडा वाचता आला आणि त्यांना कळवला, तर तो पक्षी कुठून कुठे आला हे समजायला मदत होते. एक फोटो मात्र रुंद घ्या. त्यात मागचा पूल, मनोरा, इमारत असं काहीतरी येऊ द्या, म्हणजे जागा कुठली हे कुणी नाकारू शकत नाही.

घरी आल्यावर वहीत लिहा. तारीख, वेळ, जागा, पाणी चढतं की उतरतं, पक्षी कुठला, अंदाजे किती. मूळ फोटो जसाच्या तसा जपून ठेवा, रंग चढवायचे तर प्रतीवर चढवा. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते. तिच्यात सामान्य माणसंही भाग घेऊ शकतात. आपली वही तिथे कामाला येते.

आता वागण्याचं. थवा उडवून फोटो काढणं हे जेवत्या पाव्हण्याला पानावरून उठवण्यासारखं आहे. या पक्ष्यांना परतीच्या लांब प्रवासासाठी अंगात चरबी साठवायची असते. प्रत्येक वेळी उडवलं की तिच्यातली थोडी खर्ची पडते. टाळी, दगड, ड्रोन काही नको. पक्षी चरायचं थांबून माना वर करू लागले, की समजा आपण जास्त जवळ आलोय. तिथेच थांबा, नाहीतर दोन पावलं मागे या. भडक साडीवर मातकट ओढणी घ्या. चिखलात उतरू नका. आत्यासारख्या जन्मभर उतरलेल्या बाईलाही तो जपून पाय टाकायला लावतो. कांदळवनाची फांदी फोटोच्या आड आली तर आपण सरकायचं, फांदी मोडायची नाही. घरटं दिसलं तर त्याची जागा व्हॉट्सॲपवर टाकू नका. आणि एकटीने जाऊ नका, दोघी-तिघींनी जा.

आमच्या खाडीला कागदावर मान मोठा आहे. २०१५ साली तिचा १,६९० हेक्टर भाग ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला. २०२२ साली तिला रामसर दर्जा मिळाला, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत नाव लागलं. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मधमेश्वर आणि बुलढाण्याचं लोणार याच यादीत आहेत. ऐरोलीला वनविभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. आम्ही कोपरखैरण्याहून लोकल पकडून तिकडे जातो. तिथून बोटीतून अभयारण्य बघता येतं आणि बोट चालवतात ते इथलेच मच्छीमार. पण अभयारण्याची हद्द खाडीच्या पाण्यापुरती आणि कांदळवनापुरती. भरतीला पक्षी जिथे विसावतात त्यातल्या कित्येक जागा हद्दीबाहेर आहेत. त्यांच्यासाठीच साक्ष लागते.

तुमच्यातल्या ज्या मैत्रिणी किनाऱ्याच्या आहेत, त्यांना वेंगुर्ल्याचं उदाहरण देते. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः वल्ही मारत पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवतात. अशा कामात उजेड आणि भरती कळणाऱ्या बाईची किंमत वेगळी. कुठल्या वेळी, कुठल्या वळणावर नाव उभी केली तर पाहुण्याला चांगला फोटो मिळेल, हे तिला सांगता येतं. ज्या आतल्या जिल्ह्यांतल्या आहेत, त्यांच्याकडे भरती नाही, पण हिवाळा तोच आणि धुकंही तेच. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला, पैठणला जायकवाडीवर, नांदूर मधमेश्वरला जा. सूर्य पाठीशी, बूड जमिनीला, हात पिशवीवर. बाकी नियम सारखेच.

शेवटी त्या पाणथळ जागेचं सांगते. दुसऱ्या हिवाळ्यानंतर आम्ही सात फोटो निवडले. फक्त सात. प्रत्येकाखाली तारीख, वेळ आणि पक्ष्याचं नाव. एका फोटोत दोनशेच्या आसपास शेकाटे आणि मागे सगळ्यांच्या ओळखीचा विजेचा मनोरा. अर्जाला जोडून दिले, पोच घेतली. निकाल अजून लागलेला नाही, आम्ही खेपा घालतोय. पण नंतरच्या बैठकीत "पक्षी येतातच कुठे" हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. प्रश्न विचारला तो असा, "हे किती वर्षं येतायत?" आत्या मागे बसली होती. ती म्हणाली, "मी पोर व्हते तवापासून." आमच्या वहीत दोनच हिवाळे होते. तिच्या डोळ्यांत साठ.

म्हणून मैत्रिणींनो, या हिवाळ्यात तुमच्या गावच्या तळ्यावर, खाडीवर, धरणाच्या काठावर एकदा जा. घरातल्या म्हाताऱ्या बाईलाही सोबत न्या. फोटो तुम्ही काढा, वहीत तिचं सांगणं लिहून घ्या. काय दिसलं ते आम्हाला जरूर कळवा.